तुम्ही विचारलंत म्हणून: 1977 साली नेमके काय बदलले?

सत्ता बदलली की धोरण खरोखर बदलते, की नुसतीच पाट्यांवरची नावे बदलतात, हा प्रश्न दर निवडणुकीनंतर कोणी ना कोणी मला विचारतोच. 1977 मध्ये मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो आणि जनता पक्षाच्या बाजूने हिरिरीने बोलत असे, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे प्रश्नात जिज्ञासेपेक्षा चिमटाच जास्त असतो. 'काहीच बदलत नाही' असे मी म्हणावे अशी त्यांची अपेक्षा असते. ते मी म्हणणार नाही.

मात्र 'नव्या सरकारची विचारसरणी' असे म्हणताना ती कोणाची, हे आधी सांगायला हवे. जनता सरकारात मोरारजींचा गांधीवाद होता, समाजवाद्यांचा समाजवाद होता, चरणसिंगांचे शेतकरी राजकारण होते आणि जनसंघाचा राष्ट्रवादही होता. खातेवाटप झाले तसे या विचारांचेही वाटप झाले. उद्योग खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आले नसते, तर कोका-कोला त्या पद्धतीने देशाबाहेर गेली असती असे मला वाटत नाही. आणि तरीही ज्या कायद्यावर बोट ठेवून तिला भारतीय कंपनीतला आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणायला सांगितले गेले, तो 'फेरा' म्हणजे परकीय चलन नियमन कायदा इंदिरा गांधींच्या सरकारने 1973 मध्ये केलेला होता. शस्त्र जुन्यांचे होते, ते म्यानातून काढण्याची इच्छा नव्यांची होती. डिसेंबर 1977 च्या उद्योग धोरणाने लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी दीडशे-दोनशेच्या घरातून एकदम पाचशेच्या वर नेली. काँग्रेस परत आल्यावर ती यादी आखडली नाही, उलट पुढची अनेक वर्षे ती आठशेच्या वर राहिली. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अंतर्गत आणीबाणीची वाट अरुंद केली, हे तर निखळ त्या सरकारचेच काम. त्याविषयी मला कोणी चिमटा काढत नाही.

देशाबाहेरची गोष्ट वेगळी होती. विरोधात असताना काँग्रेसच्या रशियाधार्जिणेपणावर तुटून पडणारे वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले, 'खऱ्या अलिप्ततेची' घोषणा झाली, आणि पहिल्याच महिन्याभरात, एप्रिल 1977 मध्ये, सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको दिल्लीत येऊन गेले. सोव्हिएत संघाशी झालेला 1971 चा मैत्री करार जागचा हलला नाही. सिमला करारावर टीका करणाऱ्या पक्षाच्या मंत्र्याने 1978 मध्ये पाकिस्तानशी सलाल धरणाचा करार केला. इस्रायलशी संबंध जोडावेत ही जनसंघाची जुनी मागणी. ऑगस्ट 1977 मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप दिल्लीला आले आणि रिकाम्या हाताने गेले. पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते 1992 मध्ये, काँग्रेसच्या नरसिंह रावांच्या काळात.

हे सगळे मला फेब्रुवारी 1979 पर्यंत अडचणीचे वाटत नव्हते. त्या महिन्यात वाजपेयी चीनला गेले. 1962 नंतर एवढ्या वरच्या पातळीवरची ती पहिलीच भेट होती. त्यावर मी रविवारच्या पुरवणीसाठी मोठा लेख लिहिला. चीनविषयी सर्वांत कडवटपणे बोलणारा पक्षच चीनकडे हात पुढे करू शकतो, कारण त्याच्यावर नमते घेतल्याचा आरोप कोणी करू शकत नाही, असा त्याचा आशय होता; कट्टर कम्युनिस्टविरोधी असूनही चीनला गेलेले अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे उदाहरणही मी दिले होते. पुरवणी आधीच छापली जात असे. शनिवारी, 17 तारखेला, मी कामावर आलो तेव्हा तिचे गठ्ठे भिंतीलगत रचलेले होते. टेलिप्रिंटरची घंटा वाजू लागली ती थांबेना. चीनने व्हिएतनाममध्ये सैन्य घुसवले होते आणि आपले परराष्ट्रमंत्री त्या वेळी चीनमध्येच, हांगचौला होते. बातमीचा मराठी मजकूर मीच केला. मुख्य उपसंपादकांनी तो वाचला, गठ्ठ्यांकडे पाहिले आणि विचारले, ''तुझा लेख आतच आहे ना?'' मी हो म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले. पहाटे मुख्य अंकात पुरवणी घालणारी मुले माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या पानावरच्या रणगाड्यांच्या मथळ्यात 'नवा अध्याय' हा माझा लेख सरकवत होती. वाजपेयी दौरा आटोपता घेऊन परतले. पुढचा आठवडाभर कार्यालयातल्या समाजवादी मित्रांनी मला 'या, अध्याय' अशीच हाक मारली.

त्या लेखातला मुद्दा मी आजही मागे घेत नाही. तिशीही न गाठलेल्या त्या उपसंपादकाशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, माझे भांडण आहे ते निराळे. त्याला वाटत होते, दिल्लीत हेतू बदलला की पुढचे आपोआप घडते. उद्योग खात्यात ते तसे घडलेही, कारण कायदा, परवाने आणि निरीक्षक, सगळे आपलेच होते. पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, आपले काहीच नव्हते. तिथले वेळापत्रक चीनचे नेते तंग श्याओ-फिंग ठरवत होते. यावर तो उपसंपादक मला विचारतो, की मग 1981 मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली ती कशी? वाजपेयींनीच तर तो विषय काढला होता. मी म्हणतो, सुरू झाली तेव्हा सरकार इंदिरा गांधींचे होते, आणि पेकिंगला पुन्हा राजदूत पाठवण्याचा निर्णयही त्यांनीच 1976 मध्ये घेतला होता. तो म्हणतो, मग श्रेय कोणाचे? इथे आमचे बोलणे खुंटते.

माझ्या बाजूने मी नेहमी 1998 पुढे करतो. अणुबॉम्ब हवा ही जनसंघाची 1964 पासूनची मागणी. पण 1977 च्या मंत्रिमंडळात वाजपेयी होते तरी पंतप्रधान मोरारजी होते, आणि त्यांना बॉम्ब नको होता. मार्च 1998 मध्ये वाजपेयी स्वतः पंतप्रधान झाले आणि दोन महिन्यांच्या आत पोखरणला स्फोट झाले. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? त्यावर त्याच समाजवादी मित्रांपैकी एकजण दर वेळी आठवण करून देतो, की 1995 च्या डिसेंबरात नरसिंह रावांनी सगळी तयारी करून ठेवली होती आणि अमेरिकेचा दबाव आल्यावर हात आखडता घेतला होता. खड्डे तयारच होते. हे खरे आहे. पण त्याच खड्ड्यांपाशी येऊन राव थांबले आणि वाजपेयी थांबले नाहीत, या फरकाला मी विचारसरणी म्हणतो. तो म्हणतो, टेकूंवर उभे असलेले सरकार होते, त्याला काहीतरी करून दाखवायचेच होते. त्याचे म्हणणे मला पटत नाही, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे रावांच्या त्या माघारीपलीकडे दुसरा आधारही नाही.