एका जागी उभं राहू न देणारे गेम

सध्या डोक्यात दोनच गेम फिरालेत, डूम इटर्नल आणि टायटनफॉल २. दोन्ही जुने हायत, पण आमच्या खानापूर बाजूला पावसाळ्यात लाईटीचा आणि नेटचा काय भरवसा नसतोय म्हणून मी एकट्यानं खेळायचेच गेम जास्त धरतो.

डूम इटर्नल २०२० चा. बाकीच्या बऱ्याच शूटरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मारामारीच्या गेममध्ये, मार बसला की भिंतीआड जाऊन बसायचं, जरा वेळानं हेल्थ आपोआप भरते, परत डोकं वर काढायचं. इथं तसलं काय नाही. गोळ्या सारख्या संपतात, त्या पाहिजेत तर राक्षसाला चेनसॉनं कापायचं, हेल्थ पाहिजे तर अर्धमेल्या राक्षसाला जवळ जाऊन हातानं संपवायचं, आर्मर म्हणजे चिलखत पाहिजे तर त्याला पेटवून मग मारायचं. म्हणजे जे लागतंय ते सगळं शत्रूकडंच हाय, लपून बसलात की मेलात. उद्यमबागला कामाला असलेला माझा मित्र थोडा वेळ खेळला आणि म्हणाला, "अरे हे श्वास घ्यायलाच देईना की!" मला नेमकं तेच आवडतंय. फक्त त्यातला मरॉडर नावाचा शत्रू मला पटला नाही, त्याचे डोळे हिरवे चमकेपर्यंत ठराविक अंतरावर वाट बघत राहायचं आणि मग गोळी घालायची, म्हणजे एवढा वेळ पळायला शिकवून गेमच आपल्याला थांबवतोय.

टायटनफॉल २ मधी पळणंच मुख्य. भिंतीवरनं धावायचं, घसरायचं, हवेत दुसरी उडी मारायची, आणि हात बसला की जमिनीवर पाय टेकवूच वाटत नाही. त्यातलं 'इफेक्ट अँड कॉज' मिशन तर बघाच. एक बटण दाबलं की पडक्या लॅबमधनं तुमी थेट जुन्या काळातल्या चालू लॅबमधी, परत दाबलं की आज. उडी एका काळात मारायची, हवेत असतानाच काळ बदलायचा आणि दुसऱ्या काळातल्या भिंतीवर उतरायचं! घेरलं गेलात तर काळ बदला, चार पावलं चाला, परत या, सैनिकांच्या पाठीमागं निघता. एवढी भारी कल्पना, आणि ती त्या मिशनपुरतीच वापरलीय, पुढं ताणत नेलेली नाही, ह्यासाठी हा गेम बनवणाऱ्या रिस्पॉन कंपनीच्या पोरांना माझा मनापासनं सलाम.

हा गेम २८ ऑक्टोबर २०१६ ला आला, आठवडाभर आधी बॅटलफील्ड १ आणि आठवड्यानं कॉल ऑफ ड्यूटीचा नवा भाग, दोन्ही मोठ्या नावाचे शूटर. दोघांच्या मधी चेंगरला बिचारा, विक्री अपेक्षेएवढी झाली नाही, आणि तिसरा भाग अजून नाही. लई वाईट वाटतंय ह्याचं.

घोस्ट ऑफ त्सुशिमा पण सुरू केलाय, त्यात कोपऱ्यात नकाशा नाही, वारा वाट दाखवतोय, पण त्यावर सगळा खेळून झाल्यावरच लिहीन. टायटनफॉल २ चं कॅम्पेन, म्हणजे एकट्यानं खेळायची गोष्ट, शनिवार-रविवारात आरामात संपतंय, शूटरची सवय असेल तर हार्डवरच लावा.