फळ्यावरचं 'श्री'

बुधवार, ७ डिसेंबर २०२२. निपाणीतल्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गाला राज्यशास्त्राचा पहिला तास होता आणि निम्मे बाक रिकामे होते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पुन्हा पेटला होता. आदल्या दिवशी बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर एमएच पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले होते. पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं होतं. एसटी हद्दीवरच थांबली होती. त्या दिवशी दत्तजयंती, मार्गशीर्षातली पौर्णिमा. कोल्हापूरहून सौंदत्तीच्या यल्लमाला गेलेल्या माणसांची घरच्यांना काळजी लागली होती. कागलकडची दोन-तीन पोरं वडाप धरून कशीबशी पोचली होती.

त्यातल्या एकानं मोबाइलवर काळं फासलेल्या बसचा फोटो दाखवला. "सर, हितनं फुडं काय हुतं?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर जगात एका ठिकाणी तारीखवार लिहिलेलं आहे. त्या दिवशीचा ठरलेला धडा मी बाजूला ठेवला आणि सिंहली लिपीतलं 'श्री' हे अक्षर जमेल तसं फळ्यावर काढलं.

श्रीलंकेत वाहनांच्या नंबरप्लेटवर आधी इंग्रजी अक्षरं असत. त्यांच्या जागी हे 'श्री' आलं. १ जानेवारी १९५८ ला बससेवा सरकारच्या ताब्यात गेली आणि 'श्री'च्या पाट्या लावलेल्या नव्या बस तमिळ उत्तरेत धावायला लागल्या. तिथं लोकांनी त्या अक्षरावर डांबर फासलं. सिंहली दक्षिणेत त्याची परतफेड झाली, दुकानांच्या पाट्यांवरची तमिळ अक्षरं डांबरली गेली. मे महिन्यात दंगल उसळली. रस्त्यात माणसं अडवून बौद्धांच्या पाली गाथा म्हणायला लावत. ज्याला येत नसे त्याला तमिळ समजून मारत. २७ मे रोजी आणीबाणी जाहीर करावी लागली.

म्हणजे डांबर ते मुडदे, अंतर काही महिन्यांचं. वर्गात कोणी हललं नाही. पण इथं थांबलं तर चुकीचं उत्तर दिल्यासारखं होईल, म्हणून मी मागे गेलो. कारण पाट्यांना काळं फासलं म्हणून कुठल्या देशात यादवी होत नाही. त्याआधी काय मोडलं ते बघावं लागतं.

तिथं मोडला होता एक करार. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला. (त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपल्याकडे भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं.) कायदा करणारे पंतप्रधान बंडारनायके यांना वर्षभरात कळलं की यातून देश फाटतोय. २६ जुलै १९५७ ला त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला: सिंहलीचं स्थान तेच राहील, उत्तर आणि पूर्व प्रांतांत सरकारी कारभार तमिळमध्ये चालेल, प्रादेशिक मंडळं नेमली जातील. करार वाजवी होता. विरोधी पक्षानं मात्र त्याविरुद्ध कॅंडीच्या दिशेनं पदयात्रा काढली. ९ एप्रिल १९५८ ला बौद्ध भिक्खूंचा जमाव पंतप्रधानांच्या कोलंबोतल्या घरासमोर बसला, करार रद्द केल्याचं लेखी द्या म्हणून. त्यांनी दिलं.

इथं मी पोरांना तंबाखूच्या सौद्याची आठवण दिली. सौद्यात एकानं बोली चढवली की दुसऱ्याला त्याच्यावर चढवावी लागते. सिंहली मतांसाठी दोन मोठे पक्ष भांडत होते, आणि जो तडजोड करील त्याला दुसरा गद्दार ठरवणार हे पक्कं झालं होतं. १९६५ साली पारडं फिरलं. आधी कराराला विरोध करणारा पक्ष सत्तेत आला, त्याच्या पंतप्रधानांनी चेल्वनायकम यांच्याशी नवा करार केला, आणि आता विरोधात बसलेल्या बंडारनायकेंच्या पक्षानं त्याला विरोध केला. तोही अमलात आला नाही. दोन्ही पक्षांना तोडगा माहीत होता, दोघांनी त्यावर सह्या केल्या होत्या, आणि दोघांनी एकमेकांना तो राबवू दिला नाही. या विषयातली मला सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट हीच आहे.

पुढचं झपाट्यानं होत गेलं. १९७१ च्या वैद्यकीय प्रवेशाला तमिळ माध्यमाच्या मुलाला ४०० पैकी २५० गुण लागत, सिंहली माध्यमाच्या मुलाला २२९. हे २१ गुण मी फळ्यावर मोठ्या आकड्यात लिहिले. वीस वर्षांची पोरं बंदुकीकडे वळतात ती घोषणा ऐकून नाही. अर्ज करून, परीक्षा देऊन, मोर्चे काढून काही मिळत नाही हे थोरल्या भावाच्या बाबतीत बघून वळतात. १९८१ मध्ये तमिळ उत्तरेतल्या जाफनाचं ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे ९७,००० पुस्तकं गेली. शहरात त्या वेळी पोलीस होते, आणि जाळणाऱ्यांत पोलीसही होते. जुलै १९८३ मध्ये जाफन्यात १३ सैनिक मारले गेल्यावर कोलंबोत जमाव मतदारयाद्या हातात घेऊन तमिळ घरं शोधत फिरला. उच्चारावरून कोण कुठला ते ओळखायला 'बाल्दिया' शब्द म्हणायला लावत, आपली 'बालदी', पोर्तुगिजांनी दोन्हीकडे दिलेली. ऑगस्टमध्ये वेगळ्या राज्याची मागणी सोडल्याची शपथ खासदारांना सक्तीची झाली आणि तमिळ खासदारांच्या जागा गेल्या. आता तमिळांच्या बाजूनं बोलायला बंदूकवालेच उरले. युद्ध मे २००९ पर्यंत चाललं.

"म्हंजे सिंहली लोकांनीच केलं सगळं?" मागच्या बाकावरून विचारणा झाली.

नाही. बंडारनायके यांना सप्टेंबर १९५९ मध्ये गोळ्या घातल्या एका बौद्ध भिक्खूनं. जाफन्याचे महापौर दुरैअप्पा तमिळ होते. त्यांना १९७५ मध्ये तमिळ बंडखोरांनी मारलं. ज्येष्ठ तमिळ नेते अमृतलिंगम यांनाही १९८९ मध्ये 'तमिळ वाघ' या बंडखोर संघटनेनंच. युगोस्लाव्हिया फुटताना ओसियेकचे क्रोएशियन पोलीसप्रमुख राइल-किर गावोगावी फिरून क्रोएट आणि सर्ब अशा दोन्ही बाजूंना रस्त्यावरचे अडथळे काढायला लावत होते. १ जुलै १९९१ ला त्यांना मारलं ते क्रोएशियाच्याच राखीव पोलिसानं. शत्रूवर पहिली गोळी झाडण्याआधी आपल्यातला मध्यस्थ संपवला जातो. पुढे काय होणार हे ताडायचं असेल तर पलीकडचे काय ओरडतात त्यापेक्षा, आपल्यातल्या समजुतीचं बोलणाऱ्याला आपण काय म्हणतो ते ऐकावं.

मग आपल्याकडे? १९८६ साली कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात इथंही गोळीबार झाला, माणसं गेली, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचं गाऱ्हाणं खोटं नाही. सातबाऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत ते रोजचं आहे. पण गाऱ्हाणं नेण्याची दारं बंद झालेली नाहीत. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निवडणूक लढवता येते, मराठी शाळा आहेत, आणि दिल्लीतलं सरकार ना फक्त कन्नड मतांवर उभं ना फक्त मराठी.

दुसरी गोष्ट दाखवायला मी हजेरीपट उघडून पहिल्या बाकावर ठेवला. म्हटलं, यातून मराठी कोण आणि कन्नड कोण, खुणा करून दाखवा. पाटील, देसाई, कुलकर्णी. पेन्सिल तीन-चार हातांतून फिरली. एका पाटलावरून वाद झाला. तो स्वतःच म्हणाला, आई कन्नड बोलते, आज्जी मराठी.

तासाची घंटा झाली तेव्हा चिक्कोडीकडची एक मुलगी वहीत ९ एप्रिल १९५८ ही तारीख लिहीत होती. तिनं विचारलं, "सर, त्यांनी त्या दिवशी लेखी दिलंच नसतं तर?" सरकार कदाचित पडलं असतं, मी म्हणालो. तिनं तेही लिहून घेतलं.

कागलची पोरं वडापनं कोगनोळी नाक्यापर्यंत गेली आणि तिथून पुढे चालत.