सायक्स आडनावाचा माग: सासरचे कागद, एक डीएनए टेस्ट आणि हॅना (माझा अनुभव)

लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, पण मुलीचं आडनाव सायक्स आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं विचारलं, आई तुझं आडनाव गावावरून आलंय ना, मग माझं कुठून आलं? आम्ही इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डजवळ राहतो, इथं सायक्स म्हणजे गल्लोगल्ली, १८८१ च्या सेन्ससवरून (जनगणनेवरून) काढलेला आडनावांचा नकाशा बघितला तर सायक्सचा सगळ्यात गडद रंग याच भागावर आहे, आणि तरी घरात कुणाला पणजोबांच्या मागचं काही सांगता येईना. मग मीच बसले शोधायला. कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहिते.

आधी अर्थ. साइक म्हणजे छोटा ओढा, बऱ्याचदा दोघांच्या जमिनीच्या हद्दीवरून वाहणारा. इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द अजून आहे. मला लगेच आपल्याकडचं ओहोळ आडनाव आठवलं, अगदी तेच की! ओढ्याकाठी राहणारा तो सायक्स. १०६६ ला नॉर्मन आले त्यानंतर इंग्लंडमध्ये हळूहळू आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेकांची पक्की झाली. आता यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात ओढे काय कमी आहेत का, त्यामुळे अभ्यासकांचा समज असा होता की हे आडनाव वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या माणसांना पडलं असणार आणि आजच्या सायक्स लोकांचा एकमेकांशी काही संबंध नसणार.

हा समज एका सायक्सनंच हलवला. ऑक्सफर्डचे जेनेटिक्सचे प्राध्यापक ब्रायन सायक्स यांनी आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचा वाय क्रोमोसोम (डीएनएचा फक्त पुरुषांत असणारा भाग) तपासला आणि २००० साली निकाल छापला. वाय फक्त बापाकडून मुलाला जातो, आडनावासारखाच. ४८ पैकी जवळपास ४४ टक्के लोकांचा वाय एकसारखा निघाला, म्हणजे आजच्या सायक्स लोकांचा मूळ पुरुष बहुधा एकच. उरलेल्यांचं काय? तर सातशे वर्षांत कुठेतरी बापाची साखळी तुटली असणार, आणि त्याचं प्रमाण त्यांनी पिढीमागे साधारण १.३ टक्के धरलं. ही साखळी तुटणं म्हणजे फक्त लफडं नाही बरं का, दत्तक घेणं आलं, दुसऱ्या नवऱ्याचं नाव लावणं आलं, आणि आईचं आडनाव लावणंही आलं. हे शेवटचं लक्षात ठेवा.

नंतर लेस्टर युनिव्हर्सिटीत टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष घेऊन मोठा अभ्यास केला, तो २००९ चा. त्यात स्मिथ एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, कारण लोहार गावोगाव होते. पण ॲटनबरोसारखं दुर्मिळ आडनाव घेतलं की बहुतेक सगळे एकाच घराण्यातले. सायक्स इतकं पसरलेलं असूनही त्याचा असा गठ्ठा निघावा याचं मला फार अप्रूप वाटलं.

सासऱ्यांना वेगळंच कुतूहल. मी मूळची पुण्याची, पक्षी बघायची आवड, सासवडच्या माळावर छोट्या तुऱ्याचा सायक्स लार्क बघितलेला. तो ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते कर्नल विल्यम हेन्री सायक्स (१७९० ते १८७२), मुंबई सरकारनं १८२४ मध्ये दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलेले, १८३२ मध्ये त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्यांचं घराणंही यॉर्कशायरचंच. १९२८ ते १९३३ मुंबईचे गव्हर्नर होते ते फ्रेडरिक सायक्स. सासऱ्यांना वाटायचं यातलं कुणीतरी आपलं निघावं आणि सुनेच्या गावाशी धागा जुळावा.

तर सुरुवात सासऱ्यांपासून. वय ७८, जन्म हडर्सफील्डचाच. त्यांना समोर बसवून फोनवर रेकॉर्ड केलं. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी वहीत लिहून घेतली आणि विसरून गेले. स्लेथवेटला (हडर्सफील्डजवळचं गाव, बोलताना स्लाविट म्हणतात) एकाच नावाचे इतके सायक्स असायचे की ओळखायला बापाचं नाव जोडायचे, जो ओ टॉम्स, म्हणजे टॉमचा जो, जसं आपल्याकडे गावात तुकाचा शिवा म्हणतात तसं. सासऱ्यांच्या पणजोबांना म्हणे विल ओ हॅनाज म्हणायचे. हॅना कोण? सासरे म्हणाले बायको असेल.

मग कागद. इंग्लंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, इंडेक्स ऑनलाइन फुकट बघता येतो, दाखल्याचे पैसे पडतात. सेन्सस १०० वर्षांनी खुला होतो, त्यामुळे १९२१ चा मिळतो, १९३१ चा १९४२ साली आगीत जळाला, १९४१ ला युद्धामुळे झालाच नाही, म्हणून मधल्या काळासाठी १९३९ चं रजिस्टर (युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं केलेली लोकांची नोंद) बघायचं. अलीकडच्या दोन पिढ्या पटकन झाल्या. अडलं ते सासऱ्यांच्या पणजोबांवर, विल्यमवर, कारण त्या भागात त्याच सुमाराला जन्मलेले विल्यम सायक्स ढिगानं. त्याचा १८८२ चा लग्नाचा दाखला मागवला, त्यात वडिलांच्या रकान्यात लिहिलेलं: जोसेफ सायक्स, विणकर. आम्ही खूश! जोसेफवरून पॅरिश रजिस्टरं धरली (ही चर्चची बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची वही, १५३८ पासून ठेवायला लावलेली) आणि थेट १७६० च्या दशकापर्यंत पोचलो. विल्यमचा जन्मदाखला मात्र मागवला नाही. वडिलांचं नाव मिळालंय, मग कशाला पैसे घालवा, असा विचार केला. हीच माझी चूक. मधला एकही दाखला सोडू नका, खरंच सोडू नका.

मग डीएनए. मला आणि मुलीला वाय नाही त्यामुळे आमचा उपयोग शून्य. नवरा तयार होता पण पिढी जितकी वरची तितकं बरं म्हणून सासऱ्यांचीच करायची ठरवली. त्याआधी त्यांना स्पष्ट विचारलं की नको ते काही निघालं तर चालेल का, ते म्हणाले या वयात मला कशाची भीती. खाल्ल्यावर तासभर थांबून गालाच्या आत ब्रश घासायचा, कुपीत टाकायचा, पोस्टानं पाठवायचा, बस. ३७ मार्करची टेस्ट घेतली. प्रत्येक मार्करला एक आकडा येतो, १३, २४, १४ असे, डीएनएचा एक छोटा तुकडा तिथं किती वेळा परत परत आलाय तो. बाप आणि मुलाचे आकडे जवळजवळ सारखे, पिढ्यांमागून एखादा आकडा एकानं इकडे तिकडे होतो. ३७ पैकी ३६-३७ जुळले की नातं बऱ्यापैकी जवळचं.

दोन महिन्यांनी रिझल्ट आला. सायक्स लोकांच्या त्या मोठ्या गठ्ठ्याशी काहीच जुळेना. एक-दोन आकड्यांचा फरक असता तर समजू शकलो असतो, पण हे पार वेगळंच घराणं. जवळचे तीन मॅच निघाले ते तिघंही यॉर्कशायरमधल्या दुसऱ्याच एका आडनावाचे. ती माणसं हयात आहेत म्हणून आडनाव लिहीत नाही. सासरे स्क्रीनकडे बघत बसले, मग चहा ठेवायला उठून गेले. मला फार वाईट वाटलं, आपण उगाच हे उकरलं असं वाटायला लागलं.

त्या रात्री मी पहिल्यापासून सगळं परत तपासलं. विल्यमचा जन्म १८५८ चा. सरकारी इंडेक्समध्ये मुलाच्या नावापुढे आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि त्याच्या नावापुढे नुसती एक आडवी रेघ होती. आधीही बघितली होती ती, वाटलं नोंद राहून गेली असेल. ती रेघ म्हणजे आईचं माहेरचं वेगळं आडनाव नाही, बहुतेक वेळा आई अविवाहित. दाखल्याची इमेज मागवली. आईच्या रकान्यात हॅना सायक्स. वडिलांचं नाव आणि वडिलांचा धंदा, दोन्ही रकान्यांत काहीच नाही. खबर देणारी म्हणून हॅनाचीच खूण, सहीच्या जागी एक फुली.

मग १८६१ चा सेन्सस उघडला. कुटुंबप्रमुख जोसेफ सायक्स, विणकर. त्याखाली हॅना, मुलगी, अविवाहित, वय २२, तीही विणकर. सगळ्यात खाली विल्यम, वय ३, आणि नात्याच्या रकान्यात नातू. लग्नाच्या वेळी वडिलांचं नाव विचारल्यावर विल्यमनं आजोबांचं सांगितलं होतं, कारण वाढवलं त्यांनीच. आईचं नाव सांगायची सोयच नव्हती, तो रकानाच नव्हता, इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला ४ मे २०२१ उजाडावं लागलं! आपल्याकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचा नियम झाला तेव्हा मला याच दाखल्यातले ते दोन मोकळे रकाने आठवले.

आणि तेव्हाच वहीतलं ते वाक्य डोळ्यासमोर आलं. विल ओ हॅनाज. बाकी सगळे बापाच्या नावानं ओळखले जायचे आणि हा एकटा आईच्या. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत होतं, ते नाव घरात शंभर वर्षं तोंडी चालत आलं, फक्त त्याचा अर्थ मागे राहिला. सासऱ्यांना फोन केला, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, मग आम्ही सायक्स आहोतच की, तिच्याकडून आहोत. कागदोपत्रीही तसंच आहे. ओढ्याकाठचं ते जुनं घराणं हॅनापर्यंत सरळ येतं, १७६० च्या दशकापर्यंतचं आमचं सगळं काम बरोबरच होतं, फक्त एका जागी बापाऐवजी आई लिहायची होती. कर्नल सायक्सचा धागा मात्र वायवरून तरी कधीच जुळणार नाही.

पुढचं हॅनाचं थोडं मिळालं. १८६६ मध्ये तिनं लग्न केलं, नवरा जवळच्याच गोल्कर गावचा. १८७१ च्या सेन्ससमध्ये ती तिथं, दोन लहान मुलं, आणि विल्यम १३ वर्षांचा, स्लेथवेटला आजोबांकडेच, लोकरीच्या गिरणीत पीसर, तुटलेले धागे जोडायच्या कामाला. नवऱ्यानं त्याला घेतलं नाही की आजोबांनी सोडलं नाही ते कागद सांगत नाहीत. तिची कबर शोधायला गेलो होतो, दगड नाही.

सासऱ्यांनी दोन्ही घरांच्या जागा जुन्या नकाशावरून माझ्याकडून काढून घेतल्या आणि मागच्या रविवारी एकटेच स्लेथवेटहून गोल्करला चालत गेले. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, पाऊण तास लागला, आणि मी म्हातारा आहे, तिला कमीच लागत असणार.