मस्टरवर 'कुशल' लिहून घ्यायचं असेल तर

पुण्यात नव्या बिल्डिंगच्या साइटवर पेंटरची टोळी लागते, तेव्हा मस्टरवर नावं चढवणारा माणूस तुमचं काम बघत नाही. त्याला तेवढा वेळही नसतो. तो विचारतो, "आयटीआय आहे का? काही सर्टिफिकेट?" नाही म्हटलं की नावापुढे 'अर्धकुशल' लागतं, कधी कधी सरळ 'हेल्पर'. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग असतात आणि रोजच्या मजुरीत त्यांचा फरक पडतो. वीस-बावीस वर्षं भिंती रंगवलेल्या माणसाच्या नावापुढे 'हेल्पर' लिहिलं की महिनाअखेरीला तो फरक घरच्या किराण्यात दिसतो. एका साइटवर माझ्या अख्ख्या टोळीला असंच लिहिलं होतं. कंत्राटदाराशी मी भांडलो, पण हातात दाखवायला काही नव्हतं.

मी कराडकडचा. नववीनंतर मामाच्या हाताखाली लागलो. मामा चुन्याच्या काळातले. चुन्यात सरस किती घालायचा, नीळ किती, पहिला हात उभा मारायचा की आडवा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बादली धरून शेजारी उभं राहायचं आणि बघायचं. चुन्यावरून डिस्टेंपर आला, मग ऑइल पेंट, प्लास्टिक इमल्शन, आता टेक्स्चर. सगळं कामावरच शिकलो. आपल्याकडचे बहुतेक रंगारी असेच तयार झालेत. आयटीआयमध्ये पेंटर जनरल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, आणि ज्या पोरांना शक्य आहे त्यांनी तो जरूर करावा. पण चाळिशीतल्या माणसाने घर चालवायचं की दोन वर्षं वर्गात बसायचं?

आमच्यासारख्यांसाठी जी सोय आहे तिला आरपीएल म्हणतात, रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली, तिच्यातलाच हा एक भाग. आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सरकारमान्य प्रमाणपत्र द्यायचं, असा तिचा हिशोब. थोडे दिवस ओळखवर्ग असतो, मग परीक्षा. उमेदवाराला फी पडत नाही. बांधकाम मजुरांसाठी जून २०२२ मध्ये 'निपुण' नावाचा उपक्रमही आला. त्यात साइटवर जाऊन परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्राबरोबर अपघात विमा द्यायचा, असं होतं.

इथे एक गोंधळ सोडवतो, कारण माझ्याकडे विचारायला येणारे निम्मे लोक त्यातच अडकलेले असतात. बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं कार्ड वेगळं. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, यावर ते मिळतं. पेंटरलाही मिळतं. ते काढाच, मुलांच्या शिक्षणाला मदत होते. पण त्या कार्डाने तुम्ही बांधकामावर काम केलं एवढंच सिद्ध होतं, काम येतं हे सिद्ध होत नाही. दुसरं, पीएम विश्वकर्मा. कारागिरांसाठीची ती केंद्र सरकारची योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा आमच्यातले कितीतरी जण आधार कार्ड घेऊन सेवा केंद्रावर धावले. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, गवंडीसुद्धा आहे. रंगारी नाही. गवंड्याने बांधलेली भिंत ज्याच्या हाताने पुरी होते तो त्या यादीत का नसावा, हे मला पटलेलं नाही आणि संबंधितांनी यावर विचार करावा असं मनापासून वाटतं.

आता आरपीएलच्या परीक्षेचं सांगतो, कारण भीती तिचीच असते. "लिहायला लावतील का?" हा पहिला प्रश्न. आमच्या वेळी लेखी भाग टॅबवर होता, प्रश्न मराठीत, चारांतला एक पर्याय दाबायचा. खरी कसोटी प्रात्यक्षिकात. केंद्राच्या मागच्या बाजूला प्लास्टर केलेल्या भिंतीचे तुकडे आखून ठेवले होते. माझ्या वाट्याच्या तुकड्यात वरून खाली एक चीर गेलेली. तपासायला बाहेरच्या संस्थेतून आलेल्या मॅडम होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. पॅड घेऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"काका, करता करता सांगा, काय करताय आणि का."

हे सांगणं मला जड गेलं. चीर आधी पत्र्याच्या कोपऱ्याने उकरून रुंद केली. का? वरच्या वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तर ती नुसती झाकली जाते, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तिथेच उघडते. ब्रशने धूळ झाडली, पाण्याचा हात फिरवला, कारण कोरडं प्लास्टर लांबीतलं पाणी ओढून घेतं आणि लांबी पापडासारखी सुटते. भरलं, वाळू दिलं, काचपेपर मारला, प्राइमर, मग लांबीचे दोन पातळ हात. दुसरा हात वाळल्यावर मी खिशातली बॅटरी काढून भिंतीला चिकटवून आडवी धरली. समोरून सपाट दिसणारी भिंत आडव्या उजेडात खोटं बोलायची थांबते, लांबी ओढायच्या पट्टीची प्रत्येक लाट वर येते. मॅडम खाली वाकून त्या उजेडात बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे आमच्या शीटमध्ये नाही, पण असायला हवं." मग दोन रंगांमधली रेघ टेप न लावता ब्रशने ओढायला सांगितली. ती मामांनी माझ्याकडून जिन्याच्या कडांवर वर्षानुवर्षं ओढून घेतलेली आहे, त्यामुळे तिथे श्वास अडकला नाही.

हिशोबही घातला. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, किती रंग लागेल? आपण आयुष्यभर डोळ्याने बादल्या सांगतो, इथे आकडा मांडावा लागतो. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. तीन बाय सातचं दार आणि चार बाय चारची खिडकी वजा केली की ४०३. दोन हातांना लिटरला साधारण १३० चौरस फूट धरले तर तीन लिटरच्या थोडं वर, म्हणजे चार लिटरचा डबा. आमच्या टोळीतल्या एका पोराला हा हिशोब जमला आणि त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. आता गिऱ्हाइकाला तोच कागदावर मांडून देतो, आणि गिऱ्हाइकाची घासाघीस निम्मी होते.

जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि तिथल्या ओळखवर्गात कळलं, ते शिशाबद्दल. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचं हिरवं दार आपण घासतो, त्यावरच्या जुन्या ऑइल पेंटच्या थरांत शिसं असण्याची शक्यता मोठी. ती धूळ आपल्या छातीत जाते, आणि कपड्यांवरून घरी पोरांपर्यंत पोचते. आता जुनं लाकूड आम्ही वॉटर पेपरने ओलं घासतो, मास्क लावतो, कामाचे कपडे पिशवीत वेगळे नेतो. शिडीचंही तसंच: चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर. एवढंसं गणित, पण त्याविना पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

टोळीत एक ताई आहेत, विदर्भातून आलेल्या, नवऱ्याबरोबर. बारा-तेरा वर्षं त्या घासाई करतात आणि लांबी भरतात. पट्टी इतकी सारखी ओढतात की मागे काचपेपर मारायला फार उरत नाही. भिंतीचं निम्मं आयुष्य या तयारीवर ठरतं, शेवटचा हात मारणाऱ्यावर नाही. पण प्रत्येक मस्टरवर त्यांच्या नावापुढे 'हेल्पर', आणि पगार नवऱ्याच्या हातात. नावनोंदणीच्या वेळी टेबलावरचा माणूस म्हणाला, "बाईमाणूस पेंटिंगला? हेल्परमध्ये टाकू का?" मी म्हटलं, "दादा, पेंटर लिहा. परीक्षा तुम्ही घेणारच आहात ना?" ताई बसल्या आणि पास झाल्या. प्रमाणपत्राचं लॅमिनेशन करून त्यांनी आधी गावाकडे सासूबाईंना फोटो पाठवला.

मग पुढच्या साइटवर काय झालं? प्रमाणपत्र दाखवलं की आपोआप पगार वाढतो असं नाही, ते बंधन कंत्राटदारावर नाही. पण बोलणी बदलतात. मी प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स मस्टरच्या आधी दिल्या आणि म्हटलं, या पाच जणांपुढे 'कुशल' लिहिणार असाल तरच परांचीवर चढतो. कंत्राटदाराला बिल्डरकडे कागद दाखवायचेच असतात, म्हणून त्यालाही ते सोयीचं पडलं. लिहिलं गेलं. ताईंचंही, आणि त्यांचे पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात जायला लागले. सरकारी इमारतींच्या टेंडरमध्ये टोळीतले इतके लोक प्रमाणित हवेत अशी अट घातली, आणि दरही तसा धरला, तर हे भांडण प्रत्येक साइटवर नव्याने करावं लागणार नाही. सोसायट्यांच्या सेक्रेटरींनीही कोटेशन मागताना एवढं एक विचारावं.

बसायचं ठरवलंत तर पावसाळ्यात नाव द्या. बाहेरची कामं तेव्हा बंद असतात. गणपती उठले की दिवाळीचा सीझन सुरू होतो, मग कुणाला मान वर करायला फुरसत नसते. आधी आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एक आहे का ते बघा, आणि मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. आमच्याकडे एका पोराचं सगळं तिथेच अडलं, एका कागदावर वडलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नाही. टोळीतली उरलेली पोरं या जुलैत बसणार आहेत. त्यांच्या नावांची दुरुस्ती आत्ताच टाकली आहे, आणि संध्याकाळी काम सुटल्यावर अर्धा तास थांबून मी त्यांच्याकडून तो खोलीचा हिशोब आणि 'का' चं उत्तर तोंडी करून घेतोय.