चार बोटी आणि शेवटची सायकल

पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायचं आणि किनारा धरून गोव्यापर्यंत जायचं, सहा दिवसात, असं सप्टेंबरमध्ये ठरलं आणि राइड होती डिसेंबरच्या शेवटी. म्हणजे हातात तीन महिने, आणि मी तोपर्यंत केलेली सगळ्यात लांब राइड पुणे-लोणावळा. ग्रुपमध्ये अकरा जण, वय वर्षं 24 ते 61, मी 43. घरी सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "रोज रात्री पोचलीस की फोन कर, मग जेव."

ट्रेनिंग म्हणजे आधी सिंहगडच. शनिवारी पहाटे साडेपाचला खडकवासला, डोणजे, आणि मग तो घाट. पहिल्या वेळी चार वेळा पाय टेकला, नोव्हेंबरमध्ये एकदाही नाही, त्या दिवशी वर पोचून पिठलं-भाकरी खाताना मला खरंच रडू आलं. मधल्या वारी ऑफिसला सायकलने जायचे, कधी बोपदेव, कधी कात्रजचा जुना बोगदा. पण सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर शनिवार-रविवार लागोपाठ राइड करण्याचा. एका दिवसात शंभर किलोमीटर बरेच जण मारतात हो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेल्या मांड्या आणि दुखऱ्या बुडाने परत सीटवर बसायचं, ती सवय वेगळीच असते आणि ती घरी बसून लागत नाही. दुसरं म्हणजे खाणं. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. दर पाऊण तासाला राजगिऱ्याचा लाडू नाहीतर चिक्की नाहीतर केळं, एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत इलेक्ट्रल. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, बदलून जास्त दातांची घातली, सगळ्यात मोठी चकती 34 दातांची, आणि टायर 32 मिमीचे. कोकणात जाणाऱ्या कोणालाही मी आधी हेच सांगेन की गिअर हलके करून घ्या.

कारण कोकणचा रस्ता नकाशावर दिसतो तसा नाहीये. समुद्राकाठचा म्हणजे सपाट असं वाटतं ना, तसं अजिबात नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला धावतात आणि जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, कापत खाडी होऊन समुद्राला मिळतात, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, अशा एकामागून एक. आपण चाललोय उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे प्रत्येक नदी आडवी. सड्यावरून खाडीपर्यंत उतरायचं, पलीकडे गेलं की परत सड्यावर चढायचं. दिवसभरात सिंहगड दोनदा चढल्याएवढा चढ होतो पण तो सलग नाही, तुकड्यातुकड्यात, आणि एकेक तुकडा भिंतीसारखा. चढापेक्षा उताराने जास्त दमवलं, हात ब्रेक दाबून दाबून बधिर व्हायचे आणि माझे मागचे ब्रेक पॅड तिसऱ्या दिवशीच संपले.

पहिला दिवस मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, दीडशेच्या वर किलोमीटर झाले आणि शेवटचे वीस अंधारात. ताम्हिणीचा उतार थंडीत कुडकुडत उतरलो, एवढंच आठवतंय. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याला पहिली बोट. जेट्टीवर उभी असलेली ती लोखंडी बोट, तिच्या तोंडाची फळी धाडकन खाली पडते आणि ट्रक, जीप, बाइक, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं सगळं एकदम आत, आणि मध्ये आमच्या सायकली. दहा-पंधरा मिनिटात सावित्रीची खाडी पार, वेशवी. तिथेच मला कळलं की आमची राइड बोटीने बांधलेली आहे. रस्त्यावर कोणी कितीही पुढे जावो, बोटीत चढायचं तर सगळ्यांनी एकत्र.

तिसरा दिवस हर्णै ते गणपतीपुळे, दोन बोटी. आमच्यात रोज एक जण स्वीप असायचा, म्हणजे सगळ्यात शेवटी चालायचं, कोणालाही मागे टाकायचं नाही. त्या दिवशी माझी पाळी. खरं सांगायचं तर मला नको होती. तीन महिने चढ घोटले होते, अंगात जोर होता आणि मला पुढच्या चौघांबरोबर जायचं होतं. दाभोळला सकाळची बोट वेळेवर मिळाली, पलीकडे धोपावे. ही सेवा 2003 साली सुरू झाली, त्याआधी गाडीवाल्यांना चिपळूणला वळसा घालून यावं लागायचं. गुहागरला उकडीचे मोदक आणि कोकम सरबत झालं, पालशेत गेलं, हेदवीला देवळापाशी थांबलो. तिथे आमच्या ग्रुपमधल्या एका काकांची भिंतीला टेकवलेली सायकल पडली, उजव्या बाजूवर, म्हणजे नेमकी गिअरच्या बाजूला. कोणी लक्ष दिलं नाही, काकांनी पण नाही. बाकीचे पुढे गेले आणि दोन चढ झाल्यावर मागून कर्र कर्र आवाज यायला लागला. डिरेलर म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, तो ज्या छोट्या तुकड्याने फ्रेमला लागतो तो हँगर वाकला होता, डिरेलर स्पोकला घासत होता, अजून एक गिअर खाली टाकला असता तर चाकात गेला असता.

काका म्हणाले, "तू जा पुढे, तुझी बोट चुकेल."

मी म्हटलं, "काका, मी स्वीप आहे, मी कुठे जाऊ?"

चेन तोडायचं टूल माझ्याकडे होतं. आदल्या महिन्यात ग्रुपमधल्या एकीने आम्हाला दोन रविवार बसवून शिकवलं होतं, तेव्हा वाटलं होतं हे कशाला. डिरेलर बाजूला ठेवला, चेन आखूड करून मधल्या एका दातेरी चकतीवर बसवली, लिंक लावली. हात काळे, ऊन डोक्यावर, सगळ्याला चाळीस मिनिटं गेली. मग एका गिअरवर काका सपाटीला चालवायचे आणि चढाला उतरून ढकलायचे, मी पण ढकलायचे. बसून पुढे निघून जाता आलं असतं मला, पण त्यांच्या शेजारून चालताना ते त्यांच्या लहानपणच्या मे महिन्याबद्दल, आजोळच्या आंब्याच्या बागेबद्दल बोलत होते आणि मला घाई वाटेना.

तवसाळचा उतार उतरताना खाली खाडी दिसली आणि खाडीच्या मधोमध बोट, जयगडकडे चाललेली. चुकली. पुढची तासाभराने. खाली जेट्टीवर आलो तर कठड्याला ओळीने नऊ सायकली टेकवलेल्या. एकही जण चढला नव्हता. कोणी काही बोललं नाही, एकाने काकांच्या हातात पाण्याची बाटली दिली, एकीने त्यांची सायकल उलटी करून बघायला घेतली.

त्या रात्री गणपतीपुळ्याला अंधार पडल्यावर पोचलो, आईला फोन केला, मग जेवले.

दुसऱ्या दिवशी आरे-वारेचा तो समुद्र उजव्या हाताला ठेवत रत्नागिरी, तिथे एका दुकानात हँगर सरळ करून मिळाला. पुढचं भराभर गेलं, पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. मालवणला रात्री सुरमईचं ताट आणि सोलकढी तीन वाट्या. आम्ही बोटीने ओलांडल्या त्या खाड्यांवर आता मोठे पूल व्हायचे आहेत. तिथल्या माणसाला रात्री दवाखाना गाठायचा असेल तर पूल हवाच, त्यात दोन मतं नाहीत. पण सायकलवाल्यांनो, बोटी आहेत तोवर एकदा जाऊन या.

काका त्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या अर्धा तास आधी निघायचे, बरोबर त्या दिवशीचा स्वीप. दोन दिवस मी हट्टाने मागून घेतलं ते काम.

शेवटच्या दिवशी मात्र काका एकटेच आधी निघाले. वेंगुर्ला, रेडी, आणि मग तेरेखोल, इथेच गोवा सुरू, किल्ल्याखालून उतार, खाली नदी, पलीकडे केरीची वाळू. आम्ही दहा जण एकत्र उतरलो तर काका जेट्टीवर आधीच येऊन बसलेले, शर्ट वाळत घातलेला.

"ओहोटी आहे," म्हणाले, "पाणी चढेपर्यंत बोट नाही. बसा."

मग बसलो. पिशवीत राजगिऱ्याचे चार लाडू उरले होते, ते अकरा जणात वाटले, आणि पाणी कुठपर्यंत आलं ते बघत राहिलो.