माती सोडली का, विचारता म्हणून

चैत्र-वैशाखात यात्रा सुरू झाल्या की आमच्या खानदेशात गावोगावी कुस्त्यांच्या दंगली रंगतात. मी बघायला गेलो की जुनी पैलवान मंडळी हमखास गाठतात, पाठीवर थाप मारतात आणि विचारतात, “काय पैलवान, माती सोडी दिन्ही का?” तालमीत वाढलेला माणूस ज्युदोचा कोच कसा झाला, हे त्यांना मनापासून जाणून घ्यायचं असतं. त्या विचारण्यात राग नसतो, थोडी हळहळ असते. लाऊडस्पीकरच्या गोंगाटात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

एका शब्दात सांगायचं तर, मुलींसाठी.

माझं सगळं बालपण अमळनेरकडच्या एका तालमीत गेलं. पहाटे कुस्तीचा हौद खणायचा, लाल मातीत तेल, ताक, हळद मिसळायची, मग जोर-बैठका, मग लढती. फी हा शब्द तिथे कुणाला ठाऊक नव्हता. ज्याच्या घरी दुभतं नाही, त्या पोराच्या दुधाची सोय वस्ताद स्वतः करायचे. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा खानदेशातल्या प्रत्येक तालमीला ती आपल्याच घरी आल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं. मातीवरचं माझं प्रेम काडीनेही कमी झालेलं नाही. पण त्या तालमीत पोरीबाळींना उंबऱ्याच्या आत पाय ठेवायची मुभा नव्हती. मारुतीची जागा, लंगोटावरची पोरं. तिथे मुलींचं काय काम, असं सगळे धरून चालायचे.

ज्युदोशी गाठ पडली कॉलेजात. विद्यापीठाच्या स्पर्धेला माझ्या वजनगटात खेळाडू नव्हता, आणि पैलवान गड्याला ज्युदो येणारच, अशी आमच्या क्रीडाशिक्षकांची खात्री होती. ती निम्मी खरी ठरली. खांद्यावरून फेकायचा त्यांचा डाव म्हणजे आपली धोबीपछाडच, फक्त पकड ज्युदोच्या जाड कोटाच्या बाहीची. कमरेवरून फेकताना ढाक आठवायची. अडलं ते पडण्यात. कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ खलास, त्यामुळे पैलवान पडता पडता अंग वळवतो, हात टेकवतो, काहीही करून पाठ वाचवतो. ज्युदोत असा हात टेकवला की मनगट नाहीतर कोपर गेलंच म्हणून समजा. तिथे हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून, सबंध हात मॅटवर आपटून पडायचं असतं. अंगात मुरलेली सवय काढायला मला नवे डाव शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पण हे पडणं शिकवताना पुढे एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांनी कधी मातीत पाय ठेवला नाही, त्यांच्या अंगात ती सवयच नसते. शाळेतल्या मुली पैलवान पोरांच्या आधी पडायला शिकत होत्या.

ज्युदो घडवणारे जिगोरो कानो पेशाने शिक्षक. १८८२ मध्ये तोक्योतल्या एका मंदिरात, बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले हाडं मोडणारे डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि पडण्याचं तंत्र पक्कं केलं. म्हणून ज्युदोत जोडीदाराला पूर्ण ताकदीने फेकता येतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच जोडीदार धडधाकट समोर उभा असतो. १८९३ पासून त्यांनी बायकांनाही शिकवायला घेतलं, १९२६ मध्ये कोदोकानात त्यांचा वेगळा विभाग झाला.

म्हणजे तिथे सगळं सुरळीत होतं असं नाही. कानोंच्या हाताखाली शिकलेल्या केइको फुकुदा केवळ बाई म्हणून वर्षानुवर्षं पाचव्या दानवर, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पाचव्या पायरीवर, अडकून पडल्या. अमेरिकेतल्या संघटनेने त्यांना दहावा दान दिला तो २०११ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी. न्यूयॉर्कच्या रस्टी कानोकोगी १९५९ मध्ये पुरुषांच्या संघातून लढल्या आणि जिंकल्या; ती बाई आहे हे कळताच पदक परत घेतलं गेलं. त्याच बाईंनी १९८० मध्ये न्यूयॉर्कला महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरवून दाखवली. १९९२ मध्ये बार्सिलोनाला महिला ज्युदो ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ झाला. महिला कुस्तीला ऑलिम्पिकसाठी २००४ उजाडावं लागलं. आणि आपल्याकडे? पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, महिलांची पहिली झाली २०२३ मध्ये, सांगलीला. प्रतीक्षा बागडी जिंकली. मधली सहा दशकं आपल्या गावांतल्या किती दणकट पोरी नुसत्या बांधावरून दंगल बघत राहिल्या असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

माझ्या ज्युदोच्या वर्गाला पहिल्या मुली आल्या तेव्हा आमच्याकडे मॅटही नव्हत्या. गाद्या शिवून वर ताडपत्री ताणली होती. एका मुलीची आई शेतातून थेट आली, विळा हातातच. सगळं बघून तिने एकच विचारलं, “सर, कपडा अंगभर शे ना?” मी पांढरा ड्रेस तिच्या हातात दिला. जाड कापड, घोट्यापर्यंतची विजार, आत टी-शर्ट. तिने शिवण ओढून बघितली, मान हलवली आणि लेकीला सोडून गेली. कुस्तीच्या पोशाखावर त्या माउलीचं मन मी वळवू शकलो नसतो. एवढ्याशा गोष्टीवर पोरीचा खेळ ठरतो, हे शहरातल्या लोकांना सांगून पटत नाही.

दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी सुरू झाली की निम्मा वर्ग रिकामा. ज्या येतात त्यांची बोटं मी आधी बघतो. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला रुतून कातडी सोलवटलेली असते, आणि ज्युदोच्या कोटाची कॉलर असते खरखरीत, ती मुठीत आवळून धरायची म्हणजे डोळ्यांत पाणी. एकेका बोटाला पट्टी गुंडाळून देतो, तोवर दिवसभरात किती किलो वेचला ते ऐकतो. पण मुठीतली ताकद विचाराल, तर पाणी उपसून, वेचणी करून आलेल्या या पोरींची पकड सुटता सुटत नाही. विभागीय स्पर्धेला नाशिकला गेलो की तिथल्या मुली ती पकड तोडतानाच दमतात.

ज्युदोतलं सगळंच मला पटतं असं नाही. २०१० मध्ये पायाला हात घालण्यावर बंधनं आली आणि २०१३ मध्ये ते पुरतं बंद झालं. म्हणजे आपला एकेरी पट, दुहेरी पट, सगळंच गेलं. पैलवान घरातल्या मुलांचं हुकमी हत्यार काढून घेणारा हा नियम मला मुळीच मान्य नाही. स्पर्धा आहे म्हणून पाळतो, शिकवतोही तसंच.

तेव्हा वस्ताद मंडळींनो, माती सोडली का, याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ज्या तालमीला सकाळचा एक तास मुलींसाठी मोकळा ठेवायचा असेल, तिने नुसता निरोप धाडावा. मी येईन, पहाटे येईन, आणि कुस्तीच शिकवीन. ज्युदोचा हट्ट नाही. मात्र पोरींना कपडे बदलायला आडोसा हवा, आणि दाराशी उभं राहून बघणाऱ्यांना घरी पाठवायची जबाबदारी तुमची.