सिम बदललं आणि पोर्ट अडलं: माझा अनुभव

नंबर पोर्ट करायचा असेल, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल, तर आधी सिम बदलून घेऊ नका. मोबाइल कंपनीच्या गॅलरीच्या, म्हणजे दुकानाच्या काउंटरवर हे ठळक अक्षरांत लावायला हवं, असं मला अजून वाटतं.

हप्त्यावरचा फोन आणि त्याच्या गळ्यात अडकवलेला पोस्टपेड प्लॅन नको, फोन रोख घ्यायचा आणि नुसतं सिम चालवायचं, हे पक्कं होतं. हिशेब सरळ आहे. पोस्टपेडच्या 399 वर 18 टक्के जीएसटी लागून बिल 470.82 रुपयांचं येतं. प्रीपेडचा आकडा करासकट असतो. 28 दिवसांचा प्लॅन धरला तर वर्षाला तेरा रिचार्ज होतात, बारा नाही. दर महिन्याला त्याच तारखेला करायचा रिचार्जही प्रत्येक कंपनीला ठेवावा लागतो, ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या सरकारी नियामकाने, 2022 मध्ये तसं बंधन घातलंय. तो मागून घ्या.

अडलं ते पुढे. जुनं सिम मधूनच बंद पडायचं, म्हणून सोमवारी साताऱ्यातल्या गॅलरीतून त्याच नंबरचं दुसरं सिम घेतलं. पोर्ट करणार आहे हे मी बोललो होतो, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. सिम बदललं की पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, ओटीपीसुद्धा येत नाही. मंगळवारी संध्याकाळी 1900 वर मेसेज टाकला: इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', एक जागा सोडून दहा आकडी नंबर. यूपीसी, म्हणजे पोर्टसाठी लागणारा कोड, मिळायच्या ऐवजी नकार आला. 1 जुलै 2024 पासून नियम असा की हरवलेल्या किंवा बंद पडलेल्या सिमच्या जागी नवं घेतलं, तर सात दिवस यूपीसी मिळत नाही. कारण रास्त आहे. परक्याने तुमच्या नंबरचं सिम काढून तो लगेच दुसऱ्या कंपनीत पळवू नये म्हणून. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना हे सांगायला किती वेळ लागतो?

सात दिवस थांबलो. पुढच्या मंगळवारी पुन्हा मेसेज, पुन्हा नकार. मधल्या शनिवारी पोस्टपेड बिलाची शेवटची तारीख उलटून गेली होती. मुदत संपलेलं बिल थकलं असलं की यूपीसी निघत नाही. लगेच भरलं, बुधवारी सकाळी परत मेसेज टाकला आणि आठ अक्षर-आकड्यांचा कोड आला. तो चारच दिवस चालतो आणि त्यात रविवारही मोजला जातो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मागवू नका. मी त्याच दुपारी नव्या कंपनीकडे गेलो. आधार आणि अंगठा, दहा मिनिटांचं काम. अंगठा उठला नाही तर दुसरं बोट लावा, शेतात राबणाऱ्या हातांना हे हमखास लागतं.

पोर्ट व्हायला सर्कलच्या, म्हणजे कंपन्यांसाठी आखलेल्या विभागाच्या आत तीन कामाचे दिवस लागतात, बाहेर पाच. मुंबईत घेतलेला नंबर साताऱ्याला आणायचा असेल तर पाच धरा. मुंबईचं सर्कल वेगळं आहे. आणि सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत.

रेंजचं खरं तर आधीच सांगायला हवं होतं. पोर्टच्या आधी नव्या कंपनीचं सिम कुणाकडून तरी तासभर मागून आपल्याच फोनमध्ये घाला आणि माजघरात जाऊन बोलून बघा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला डोंगराची आड येते, दगडी भिंतींची वेगळीच. 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून आत येतात, 2300 आणि 3300 च्या दारातच मंदावतात. फोन घेताना खोक्यावर हे बँड (लहरींचे पट्टे) आणि व्होल्टी (फोरजीवरून कॉल करायची सोय) दोन्ही बघून घ्या. जिओला टूजी-थ्रीजी नाही. व्होल्टी नसलेल्या फोनवर त्याचा साधा कॉलही लागत नाही.

आईवडिलांच्या बटणाच्या फोनला नेटचे पैसे भरू नका. डिसेंबर 2024 च्या नियमामुळे नुसत्या कॉल-एसएमएसचे रिचार्जही मिळतात.

शनिवारी जुनं सिम मेलं, नवं चालू झालं. नव्या सिममध्ये एसएमएस असलेलं रिचार्ज आधीच मारून ठेवा, नाहीतर यूपीआयची पडताळणी अडते. आणि जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नंतर येतं. ते सोडून दिलं तर नवीन कंपनीतलाही नंबर तोडला जाऊ शकतो. माझं आलं त्याच दिवशी भरलं, पावती जपून ठेवली आहे.